शॉकच्या बॅटरीला देवाचा कौल

आमच्या घरातली स्टन गन देवाने निवडलेली आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्यात माझा दोष निम्माच धरावा.

झालं असं, की आमच्या तन्वीला विमानतळावर नोकरी लागली. सोमवारी दहा वाजता हजर व्हायचं आणि मंगळवारपासून पहाटेची पाळी. कंपनीची बस नाक्यावर येणार होती. आम्ही राहतो गोव्यात, साखळी गावाच्या बाहेर, आणि घरापासून नाक्यापर्यंतची वाट काजूंच्या बागेतून जाते. दिवसा त्या वाटेवर गुरं भेटतात. पहाटे काय भेटतं, हे बघायला आजवर कुणी गेलेलं नव्हतं.

आमचे हे पूर्वी खाणीवर सुपरवायझर होते. खाण बंद झाल्यापासून काळजी करायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असतो.

“काहीतरी संरक्षणाची सोय झाल्याशिवाय पोरीला त्या वाटेने पाठवणार नाही,” त्यांनी जाहीर केलं. “रविवारपर्यंत सोय कर. नाहीतर सोमवारी फोन करून नोकरीला नाही म्हणून सांगायचं.”

“पपा!” तन्वी ओरडली.

“मी का करायची सोय?” मी विचारलं.

“खरेदीचं तुलाच कळतं ना?”

इथेच मी फसले. मी एका हायस्कुलात हेडक्लार्क आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय मी खडूसुद्धा मागवत नाही! त्याच संध्याकाळी मी मोबाइल घेऊन बसले. मला वाटलं होतं, एक बटण दाबलं की समोरचा खाली बसतो, अशी एखादी वस्तू असेल; ती मागवायची आणि मोकळं व्हायचं. प्रत्यक्षात ती वस्तू चौऱ्याऐंशी अवतारांत मिळते. लिपस्टिकसारखी, मोबाइलसारखी, कंगव्यासारखी, काठीसारखी. प्रत्येकीवर लाखो-कोट्यवधी व्होल्ट लिहिलेले. (आमच्याकडे संध्याकाळी मिक्सर फिरायलासुद्धा पुरेशी वीज नसते, आणि मुठीएवढ्या डबीत एवढे व्होल्ट!)

मी फुलस्केप कागद घेतला आणि रकाने आखले. आकार, वजन, उजेड, आवाज, चार्जिंग, पर्समध्ये मावते का, हमी. रात्रीपर्यंत दहा रकाने झाले आणि मला काहीच कळेनासं झालं.

“लिपस्टिकवाली नको,” हे माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाले. “घाईत ओठांना लावली तर?”

“काठीवाली?”

“ती पर्समध्ये मावणार कशी?”

“मग कंगवा?”

“कंगव्याला कोण घाबरतं?”

तन्वी मध्येच म्हणाली, “आई, ऐक ना, पण तिथे गेटवर—”

“गेटवरचं नंतर! आधी नाक्यापर्यंत पोच.”

सासूबाई पेडण्याकडच्या, इब्रामपूरच्या. इतका वेळ त्या शेंगा सोलत होत्या. “ह्यां काय गो चललांहा?” त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे शॉकची बॅटरी. सरळ सांग ना!” त्या क्षणापासून घरात तिला शॉकची बॅटरी म्हणू लागले.

शनिवारी मी साखळीच्या बाजारात ओळखीच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. दुकानदाराने दोन काढून दिल्या. एक गुलाबी, चपटी, साबणाच्या वडीएवढी. दुसरी काळी, थोडी लांबट, पुढे चांगला झगझगीत टॉर्च.

“यातली चांगली कुठची?”

“दोन्ही चांगल्या, बाई.”

“जास्त चांगली?”

“दोन्ही जास्त चांगल्या.” मग माझा चेहरा बघून तो म्हणाला, “दोन्ही घरी न्या. बघा. नको ती परत आणा.”

घरी आणून आम्ही त्या कशावर चालवून बघाव्यात यावर तासभर चर्चा केली. मांजर पळालं. हे पुढे येईनात. शेवटी अंगणात पडलेल्या फणसावर दोन्ही लावून बघितल्या. दोन्हींनी चटचट आवाज केला, निळी ठिणगी काढली. फणसाला काही झालेलं दिसलं नाही. पण फणस पळणाऱ्यातला नव्हे, त्यामुळे त्यावरून काहीच ठरेना.

“एवढां कित्याक?” सासूबाई म्हणाल्या. “देवाक विचारा. उद्या माझ्या माहेराक चला.”

आमच्याकडे लग्न, विहीर, जमीन, ऑपरेशन, सगळ्याला देवाचा कौल घेतात. मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात, आणि उजवी पाकळी पडली की देवाचं ‘हो’. मी एरवी या भानगडीत पडत नाही. पण रविवार उजाडला होता, कागद भरला होता आणि डोकं रिकामं झालं होतं. शिवाय देवाचं मत हे तिसरं कोटेशन धरता येईल, असंही मनात आलं.

इब्रामपूरच्या देवळात भटजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि दोन्ही डब्यांकडे बघून म्हणाले, “बाई, देवाला हो की नाही एवढंच विचारतात. यातलं कुठचं ते दुकानात विचारतात.”

“दुकानदार सांगत नाही हो!”

भटजींना माझी दया आली असावी. त्यांनी देवापुढे आमचं गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली तर उजवीकडची डबी, डावी पडली तर डावीकडची. मी गुलाबी माझ्या उजव्या हाताला ठेवली, काळी डाव्या. पाकळ्या लागल्या. आम्ही चौघं हात जोडून उभे राहिलो.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. देवसुद्धा गोंधळलेला दिसला.

गाभाऱ्यात अंधार होता. सासूबाईंना पाकळ्या नीट दिसेनात. त्यांनी हळूच काळी बॅटरी उचलली आणि उजेडासाठी बटण दाबलं.

चट-चट-चट-चट!

हे उडाले आणि त्यांचं डोकं घंटेवर आपटलं. घंटा वाजली. सासूबाई निळी ठिणगी हातभर लांब धरून ओरडू लागल्या, “बंद कर! बंद कर गो!”

“तुमच्याच हातात आहे! बटण सोडा!”

“खंयचा बटण?”

त्या गडबडीत उजवी पाकळी खाली पडली.

तन्वीने बॅटरी काढून घेऊन बंद केली. देऊळ शांत झालं. मी भटजींना विचारलं, “ही घाबरून पडलेली पाकळी. ही धरायची का?”

भटजींनी विचार केला. “धरायची. देव घाबरत नाही.”

“म्हणजे गुलाबी!” हे डोकं चोळत म्हणाले. “उजवीकडे गुलाबी.”

“पाकळी देवाच्या उजवीकडची,” भटजी म्हणाले. “देवाची उजवी बाजू म्हणजे तुमची डावी.”

“म्हणजे काळी?” मी विचारलं.

“काळी तर जाग्यावर नव्हतीच, ती आईच्या हातात होती!” हे म्हणाले.

“खंय ठेयलेली तां बघतत,” सासूबाई ठणकावून म्हणाल्या, “खंय गेली तां नाय!”

काळी ठरली. मी पर्समधून कागद काढून तिथेच अकरावा रकाना आखला: ‘बंद करायचं बटण.’ काळीपुढे लिहिलं, ‘आहे. सापडत नाही.’

येताना गाडीत तन्वी पुन्हा म्हणाली, “आई, पण मला ती गेटवर—”

“देवाने दिलेल्या वस्तूला पण म्हणू नये,” मी म्हणाले. (मी! कौलाच्या भानगडीत न पडणारी!)

सोमवारी आम्ही सगळेच तिला पोचवायला निघालो. निघताना बघते तर बॅटरी शोकेसवर. पोरगी धांदरट, विसरली असणार! मी ती गुपचूप तिच्या बॅगेत, जेवणाच्या डब्याखाली नीट गुंडाळून ठेवली.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं.

कर्मचाऱ्यांच्या गेटवर तन्वीची बॅग यंत्रातून गेली आणि यंत्र थांबलं. वर्दीतल्या बाईने डब्याखालून काळी बॅटरी बाहेर काढली. घड्याळात पावणेदहा वाजले होते.

“यह क्या है?”

तन्वी वळली आणि दोरीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी हायस्कुलात मुख्याध्यापकांचीसुद्धा पाहिलेली नाही.

“टॉर्च,” मी तिथूनच ओरडले. “टॉर्च है, मॅडम!”

बाईने बटण दाबलं. चट-चट-चट-चट!

मागे उभी असलेली रांग चार पावलं मागे सरकली. बाईने तन्वीला बाजूला उभं केलं आणि मला पुढे बोलावलं.

“किसने दी?”

“देवान दिलेली आसा ती!” सासूबाई मागून गरजल्या.

मी भाषांतर केलं, “भगवान ने।”

बाईने वही उघडली. “भगवान, आगे? पूरा नाम बताइए।”

पावणेदहाचे दहाला दहा झाले. आपला हेतू स्वच्छ आहे हे कागदोपत्री दाखवावं, म्हणून मी पर्समधून माझा तक्ता काढून दिला. विमानतळाच्या दारात उभी राहून, कुठल्या यंत्राने किती जोराचा शॉक बसतो आणि ते पर्समध्ये कसं मावतं, याचा अकरा रकान्यांचा तक्ता मी माझ्या हाताने सुरक्षा अधिकाऱ्यांना दिला! बाईने तो पूर्ण वाचला. दुसऱ्या बाईला बोलावून तिलाही दाखवला. पोरीची नोकरी गेली ती नवऱ्यामुळे नाही, माझ्या व्यवस्थितपणामुळे, असं मी मनात लिहूनसुद्धा टाकलं.

दोघी काहीतरी बोलल्या आणि चक्क हसायला लागल्या. बॅटरी आणि तक्ता माझ्या हातात ठेवून ती बाई म्हणाली, “माँजी, इसे घर ले जाइए। बेटी को जाने दीजिए।”

तन्वी दहाला दोन मिनिटं असताना आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, “आई, हेच तीन दिवस सांगत होते.” अकरा रकाने आखले, पण ही वस्तू न्यायची कुठे, हा रकाना मला सुचला नव्हता!

परतीच्या वाटेवर ह्यांनी विचारलं, “मग उद्या पहाटेचं काय? सोय तर झाली नाही.”

“झाली. मी जाते तिच्यासोबत नाक्यापर्यंत.”

मंगळवारी काजूंच्या बागेत एक म्हैस वाट अडवून उभी होती. मी शॉकचं बटण दाबलं, टॉर्च लागला. टॉर्चचं दाबलं, तोही विझला. शेवटी वैतागून मी त्या म्हशीला जे काही मोठ्याने सुनावलं, त्याने ती बागेतून आरपार गेली आणि नाक्यावर बसची वाट बघणारे दोघं जण उठून उभे राहिले. तेव्हापासून रोज मीच जाते. ह्यांची काही तक्रार नाही.

तक्ता मी रद्दीत टाकला होता. परवा तो फ्रिजवर चिकटवलेला दिसला. खाली ह्यांच्या अक्षरात नवीन ओळ होती, आणि नाव माझं. आकार: पर्समध्ये मावत नाही. आवाज: भरपूर. चार्जिंग: एक कप चहा. हमी: लग्नापासून. समासात, देवाचा कौल: तेव्हा घेतला नव्हता.

आणि शेवटच्या रकान्यात, बंद करायचं बटण: नाही.