ताग गाडायचा दिवस

बाळांनो, तुमच्या धाकट्या आजोबांइतका, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात दुसरा नसेल. आमच्या झरी गावात सगळे सोयाबीन आणि कापूस लावतात, म्हणून भाऊजी राळे, राजगिरा, कुळीथ असलं काहीतरी पेरणार. एसटीत त्यांना खिडकीशी बसवू नये. एकदा पुतण्यासाठी मुलगी पाहायला आम्ही गंगाखेडला निघालो होतो. वाटेत कुणाच्या तरी वावरात राजगिरा दिसला, तशी यांनी गाडी थांबवली आणि उतरून गेले. मुलीकडे पोहोचले ते दोन तासांनी, हातात लालभडक कणसं घेऊन. मुलीच्या वडिलांना वाटलं, ही आमच्या घरची रीतच असावी. त्यांनी ती देवापुढे ठेवली. लग्न मात्र जमलं.

"भाऊजी, जरा दमानं घ्या," मी म्हणायची. "वैनी, दम कशाचा? जमीन पार दगड व्हायलीय," म्हणेपर्यंत त्यांच्या पायात चपला असायच्या. नव्या बियाण्याची पिशवी दिसली की त्यांची बायको, माझी धाकटी जाऊ, कपाळाला हात लावायची. राळे चिमण्यांनी खाल्ले, कुळीथ पावसात सडला. गेल्या वर्षी त्यांनी दोन एकरांत ताग पेरला. तो फुलावर आला की नांगरून मातीतच गाडायचा, म्हणजे जमीन भुसभुशीत होते, आणि मग त्यात ज्वारी. धाकटीने बजावलं, "औंदा घरापुरती ज्वारी न्हाई आली, तर पुढं ह्या वावरात काय पेरायचं ते मी सांगन. तुमचे खेळ बंद." त्यांनी कबूल केलं.

"फूल दिसलं की दुसऱ्या दिशी नांगर," असं ते गावभर सांगत फिरले. पण ट्रॅक्टर बांधावर आला तेव्हा वावर पिवळंधमक झालेलं आणि त्यावर मधमाश्याच मधमाश्या. भाऊजीच ट्रॅक्टरला आडवे आले. "आज नगं. माशा जेवायल्यात."

शेजारी हसला, "दादा, ही पंगत उठायची कधी?"

उद्या-उद्या करता पंधरा दिवस गेले, मग पावसाची झड लागली. नांगर चालेपर्यंत तागाचे दांडे दोरखंडासारखे चिवट झाले होते. ते कुजेनात. ज्वारी उगवली ती विरळ, टक्कल पडल्यासारखी.

उन्हाळ्यात ते मुकाट्याने बायकोपुढे उभे राहिले. "सांग, काय पेरू?" आम्हाला वाटलं, आता ही सोयाबीन म्हणणार.

"तागच पेरा," ती म्हणाली. "पण गाडायचा दिवस मी ठरवीन. अन् त्या दिशी तुमी गावात ऱ्हायचं न्हाई."

तो दिवस काल होता. सकाळच्या गाडीने तिने त्यांना परभणीला माझ्याकडे पाठवून दिलं. दुपारपर्यंत ते गॅलरीत येरझारा घालत होते. मग तिचा फोन आला. मोबाइलचा आवाज मोठा ठेवायची त्यांची सवय, म्हणून मलाही ऐकू आलं.

"झालं बघा गाडून."

"अन् माशा?"

"बांधाकडंच्या चार ओळी ठेवल्यात की. तेवढ्यात भागवा म्हनावं."

फोन ठेवल्यावर भाऊजी गॅलरीच्या कठड्यावरून वाकून झरीच्या दिशेने बघत राहिले. तिथून झरी काही दिसत नाही.