कायलीकडे पाठ

स्नेहलने हातात तिकीट ठेवलं आणि म्हणाली, चार दिवस कोल्हापूर बघून या. लेकीने मला माझ्याच दुकानातून रजेवर पाठवलं, हे समजायला मला मनमाड गाठावं लागलं.

नाशकात आमचं शिंप्याचं दुकान. अडतीस वर्षं कापड मीच बेतलं. हल्ली नजर दगा द्यायला लागली, म्हणून कात्री तिच्याकडे दिली. म्हणजे दिली असं मी लोकांना सांगायचो. तिने खडूची रेघ ओढली की मागून माझा हात पुढे यायचाच. शेवटी एकदा ती शांतपणे म्हणाली की असंच चालणार असेल तर ती दुसरीकडे काम बघेल. ते मला फार लागलं.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या लॉजवर उतरलो. सकाळी मिसळ मागवताना तिखट जरा कमी ठेवा म्हणालो. मालकाने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि नेहमीचीच मिसळ आणून ठेवली. नाक-डोळे पुसत मी दहाच्या आत दुकानात दोनदा फोन लावला. दुसरा तिने उचलला नाही.

मग कागलची एसटी धरली आणि एक थांबा आधीच उतरलो. चूक कळेपर्यंत गाडी निघून गेली होती. उसाच्या फडांमधून चालत असताना गरम गोड वास आला. त्या वासामागे गेलो तर पुढे गुऱ्हाळ.

मोठ्या कायलीत (उसाचा रस आटवायची पसरट कढई) रस फसफसत होता. कायलीपाशी चाळिशीचा दत्ता घामाघूम होऊन उभा होता. त्याचे वडील, आबा, जरा लांब दगडावर बसले होते आणि तेही कायलीकडे पाठ करून. पाक कधी उतरवायचा हे ठरवणारा तो गुळव्या. पन्नास वर्षं ते काम आबांनी केलं. आता हाताला कंप सुटला होता आणि दत्ताचं हे पहिलंच आधण (एका वेळचा घाणा) होतं.

"बसा की पावणं," आबा म्हणाले आणि दगडावर सरकले.

दत्ताने पाण्यात बोटं बुडवून थोडा पाक उचलला, गोळी करून बघितली, पुन्हा बघितली आणि गड्यांना कायल उतरवायला सांगितली. आबांनी नाकाने एक दीर्घ श्वास घेतला. त्यांची मूठ काठीवर आवळलेली मला दिसली.

गूळ घट्ट झालाच नाही. पाक निववायच्या वाफ्यात शिऱ्यासारखा पसरून राहिला. दत्ता मान खाली घालून तो काढू लागला. वासावरून कळलं होतं का, असं मी आबांना हळूच विचारलं.

"कळलं की. अजून दोन मिंटं पायजे हुती."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर आजचा गूळ झाला असता. उद्या मी न्हाय म्हटल्यावर त्यानं कुणाला इचारायचं?" त्यांनी काठीने मागे कायलीकडे दाखवलं. "तोंड तिकडं असलं की गप बसवत न्हाय, पावणं. म्हणून पाठ केलीया. आमचा बा बी ह्याच दगडावर बसायचा."

दुसऱ्या आधणाला दत्ताने बराच वेळ गोळी चोळली आणि हाक मारली, "आबा, जरा बघतासा का?"

काठी दगडापाशीच विसरून आबा उठले.

त्यांच्या घरी बिघडलेला गूळ विकत नाहीत. तो घरच्या चहात घालून संपवायचा. निघताना त्यातलाच एक गोळा त्यांनी मला केळीच्या पानात बांधून दिला. त्यानंतर मी पन्हाळा पाहिला, तांबडा-पांढरा रस्सा प्यालो आणि दुकानात फोन केला नाही.

परतलो तेव्हा स्नेहल एका शेरवानीचं कापड पसरून बसली होती. बाही जोडतात त्या मुंढ्याची रेघ मला अर्धा इंच आत वाटली. हात उचललाही गेला. तो तसाच खाली घेतला, स्टूल उचललं आणि रस्त्याकडे तोंड करून बसलो. तिला म्हटलं, चहा ठेव, गूळ आणलाय.

चहा झाला. मऊ गुळाला हसून झालं. मागे कात्री सुरू झाली आणि माझी बोटं स्टुलाच्या कडेला रुतली. दोन वेळा रिक्षा मोजायचा प्रयत्न केला, जमला नाही. चष्मा काढून शेजारी स्टुलावर ठेवला.

मग कात्री थांबली.

"बाबा, जरा बघता का?"

उठताना माझा चष्मा स्टुलावरच राहिला.