पालथी वाटी

सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला भोळी म्हणायला नको. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. वर्गात कुणी चकवा लागल्याच्या गोष्टी सांगू लागलं, की मी त्याला उठवून फळ्यावर उत्तर दिशा काढायला लावत असे. अंगारे, नजर, स्वप्नात येऊन सांगणं... असल्या गोष्टींना माझ्या घरात थारा नव्हता. आजही नाही. पण गेल्या हिवाळ्यात जे झालं ते कुठल्याच खणात नीट बसत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. कुणाला उत्तर सापडलं तर सांगा. मला सापडलेलं नाही.

रिटायर झाल्यावर मी लोणार ते जळगाव जामोद पायी जायचं ठरवलं. सरोवराच्या काठापासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे घाटावरून घाटाखाली, आपला अख्खा बुलढाणा जिल्हा. ज्याचे नकाशे वर्षानुवर्षं पोरांकडून काढून घेतले तो एकदा पायाखाली घालायचा होता. घरच्यांनी होकार दिला, पण अट घातली, की मधल्या गावांत कुणीतरी भेटणार आणि मी धडधाकट आहे याची खात्री करणार.

मग मी नकाशा पसरून थांबे निवडायला बसले. मेहकरला मुलगा अमोल नोकरीला आहे, म्हणून मेहकर. खामगावला आमचे हे बुलढाण्याहून गाडी घेऊन येणार होते — कोरडे मोजे, गोळ्या आणि टोमणे, असं सगळं घेऊन. शेगावला मामा. मेहकर ते खामगाव टप्पा लांब, म्हणून मधे दोन मुक्काम जुन्या विद्यार्थिनींकडे. ह्यांनी यादी वाचली आणि म्हणाले, "एक गाव राहिलं."

"राहिलं नाही. वगळलंय," मी म्हटलं. त्यांनी कागद घडी करून माझ्यापुढे ठेवला आणि चहा मागितला.

ते गाव माझ्या ताईचं. जानेफळच्या पुढे, घाट उतरायच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. नाव देत नाही, ताईला आवडणार नाही. आमचं चार वर्षं बोलणं नव्हतं.

ते का, हे सांगण्याआधी आमच्या माहेरची एक रीत सांगायला हवी. घरातलं कुणी प्रवासाला निघालं, की स्वयंपाक झाल्यावर पहिलं ताट त्याच्या नावाचं वाढायचं आणि झाकून ठेवायचं. भाकर, भाजी आणि गुळाचा खडा. तो पोचल्याची खबर आली की ते ताट गाईला. खबर येईपर्यंत झाकण काढायचं नाही. मोबाइल आले आणि बहुतेकांनी हे सोडून दिलं. आईनं सोडलं नाही.

आणि माझी एक खोड. जेवण झालं की रिकामी वाटी ताटात पालथी घालायची. आई भयंकर चिडायची. "पालथी वाटी म्हंजे घरातलं सरलं असं होते. सरळ कर आधी." मी सरळ करायची आणि तिची पाठ वळली की पुन्हा पालथी. लग्नानंतरही सवय गेली नाही.

आई शेवटी ताईकडे होती. तब्येत बिघडल्याचा फोन आला तेव्हा शाळेत परीक्षा सुरू होत्या. मी म्हटलं, उद्या येते. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं. तिसऱ्या दिवशीही. पोचले तेव्हा आई अंगणात होती, आणि भोवती लोक. ताई मला एवढंच म्हणाली, "तीन दिवस तुह्या नावाचं ताट झाकून ठेवाले लावलं तिनं. मले उचलू नाही देलं."

तिनं नुसतं सांगितलं होतं. मला ते झोंबलं. मी लोकांसमोर म्हणाले, "तुझ्यासारखं घरी बसून राहायला मला जमत नाही." जी बाई आईला वर्षभर उचलून आंघोळ घालत होती, तिला मी हे म्हणाले. मग चार वर्षं दोघींनीही फोन उचलला नाही. मी माझ्या बाजूनं बरीच कारणं तयार ठेवली होती. त्यातलं एकही रात्री झोपताना पुरत नसे.

असो. चालण्याचा चौथा दिवस. डांबरी रस्ता ताईच्या दारावरून जातो, म्हणून मी जुन्या नकाशावर एक पांदण शोधून ठेवली होती. पांदण म्हणजे शेतांमधून जाणारी बैलगाडीची वाट. ती गावाला वळसा घालून पुढे रस्त्याला मिळते असं मला वाटलं. भूगोलाच्या बाईनं असं वाटून घ्यावं हेच हसण्यासारखं आहे. शेतातून निघालेली पांदण दुसरीकडे कुठे जाणार, गावातच जाते. शेतकऱ्याच्या घरातल्या लहान मुलालाही हे ठाऊक असतं. या वाटेबद्दल मी कुणालाही सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही.

दुपारचे बारा वाजून गेले होते. ऊन मऊ होतं. दोन्ही बाजूंना तूर डोक्याच्या वर उभी, शेंगांनी वाकलेली, आणि पलीकडे कपाशी फुटलेली. वारा नव्हता. माझ्या बुटांचा आवाज मऊ मातीत जिरून गेला होता, आणि थोड्या वेळानं मला चालतेय की उभी आहे हेही नीट कळेना. भीती अजिबात वाटली नाही. लहानपणी शाळेतून आल्यावर ओसरीवर डुलकी लागायची आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा, तसं काहीसं वाटत होतं.

मग डाव्या हाताला एक विहीर दिसली, निंबाचं झाड आणि त्याखाली तुराट्यांची झोपडी. एक म्हातारी बाई माझ्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसली होती. डोक्यावरून पदर. तिनं वळून न पाहताच विचारलं, "कोठी चालली वं बाई?"

"खामगावले," मी म्हटलं. माझ्या तोंडून आपोआप माहेरची बोली निघाली.

"उपाशीच?"

"नाही, खाल्लं सकाळी."

"सकाळचं सकाळी गेलं. पाय धू अन् बस."

मी अनोळखी ठिकाणी पाणी पितानाही चार प्रश्न विचारणारी बाई आहे. त्या दिवशी मुकाट पाय धुतले आणि बसले. पुढ्यात ताट होतं. कुणी आणून ठेवलं ते मी पाहिलं नाही. ज्वारीची भाकर, वाटीत सोल्याची आमटी — सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे — बाजूला ठेचा आणि गुळाचा खडा. आमटी कोमट होती. झाकून ठेवलेली असावी तशी.

मी जेवले. इतक्या शांतपणे मी कितीतरी वर्षांत जेवले नव्हते. ती शेंगा सोलत होती, दाणे टोपलीत पडत होते, आणि मला उगीचच रडू येत होतं. जेवण झालं. हात वाटीकडे गेला, पण परक्याचं घर, म्हणून मी तो मागे घेतला.

ती तशीच पाठमोरी म्हणाली, "घाल पालथी, घाल. इथी कोन रागावते तुले?"

पुढचं मला सलग आठवत नाही. मी वाटी पालथी घातली, एवढं नक्की. तिला नमस्कार केला की नाही, निघताना काय बोलले, काही नाही. भान आलं तेव्हा मी पांदणीवरून चालत होते, जिभेवर गुळाची चव होती, आणि समोर, पांदण गावाला लागते त्या वळणावर, ताई उभी होती. अनवाणी. पदर कसाबसा खोचलेला. गुडघ्यांच्या दुखण्यानं जी बाई अंगण ओलांडत नाही, ती तिथवर चालत आली होती.

"आली वं मिने," ती म्हणाली.

"तुले कोनं सांगतलं?"

"चाल घरी. पाह्य तूच."

वाटेत ती धापा टाकत बोलत होती. मी निघाल्याचं अमोलनं तिला फोनवर कळवलं होतं. माझ्या चोरून तो मावशीशी बोलायचा, हे मला तेव्हा कळलं. मी लोणारहून निघाले त्या दिवसापासून ताई माझ्या नावाचं ताट झाकून ठेवत होती, आणि मी मेहकरला पोचले, जानेफळला पोचले, अशी अमोलची खबर आली की ते गाईला घालत होती.

"आज अमोलचा फोन नाही आला. तरी दुपारून मले वाटलं, झाकण काढून पाहावं. कधी काढत नाही मी. आज काढलं." मग ती थांबली. "सोल्याची आमटी केली होती. भाकर, ठेचा, गूळ."

मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं. झोपडीचं नाही, जेवल्याचंही नाही.

स्वयंपाकघरात फळीवर ताट होतं. पितळेचं झाकण बाजूला. ताट रिकामं, भाकरीचा तुकडाही नाही. आणि मधोमध वाटी, पालथी.

माझा पहिला संशय ताईवर गेला. स्वभाव. मी विचारलंही, "तू जेवली का यातलं?"

"मले सोले चालत नाहीत. डॉक्टरनं दोन वर्सापासून बंद केले," ती म्हणाली, आणि चिडली नाही. "मांजर असतं तर सांडलं असतं. अन् मांजर वाटी पालथी घालते का? घरात तं मी एकलीच होती. ते पाह्यलं अन् मी तशीच निंगाली. वाटलं, पोचली. पांदणीकडे काऊन गेली ते मले नाही सांगता येत. रस्त्याकडे जायाले पाह्यजे होतं."

मी तिथेच जमिनीवर बसले. मग जे चार वर्षांपूर्वी अंगणात बोलायला हवं होतं ते बोलले. चुकलं माझं, लय चुकलं. ताई म्हणाली, "हाव, चुकलंच," आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी अमोलला बोलावून आम्ही त्या पांदणीनं परत गेलो. विहीर आहे. निंबही आहे. झोपडी नाही, आणि कधी नव्हती असं शेतमालक म्हणतो. फोनमधल्या चालण्याच्या अ‍ॅपमध्ये त्या दुपारी मी कुठेही थांबल्याची नोंद नाही. एकसारखी चालत होते, असंच दिसतं. ह्यांचं म्हणणं आहे की ऊन आणि थकवा, चालता चालता डोळा लागला असेल. तेही मानायला माझी तयारी आहे. झोपडी स्वप्नात होती असं म्हणू. पण मग ताट कुणी जेवलं?

ती बाई आई होती, असं मी म्हणणार नाही. मी तोंड पाहिलं नाही, आणि न पाहिलेलं मी कधी शिकवलं नाही. मी पोटभर जेवले होते, एवढंच मी शपथेवर सांगू शकते.

ताईकडे मी दोन दिवस राहिले. खामगावला हे मोजे घेऊन दोन दिवस खोळंबले आणि चक्क एकही टोमणा मारला नाही. निघायच्या सकाळी मला त्या ताटाची आठवण झाली. ते फळीवर तसंच होतं. मी वाटी सरळ करायला हात पुढे केला, तर ताईनं माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "आईनं तुह्यासाठी ठेवलेलं ताट तेवढं तसंच भरलेलं राह्यलं होतं. हे सरलं."