टोपावरचं हळदकुंकू

विश्वंभरावर मी लहानपणापासून जळत आलोय, हे आधीच सांगून टाकतो. किहीमला त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये एक दगडी गडगा आहे. माती तीच, विहिरीचं पाणी तेच, खारा वाराही तोच. पण नारळ लागायचे ते त्याच्या माडांना! माझे माड नुसते उंच वाढले. मी मार्तंड, अलिबागच्या मामलेदार कचेरीत कारकून. तो सरकारी देवी टोचणारा. आता टोचणाऱ्याला पाहून पोरं पळतात की नाही? याच्यामागे पोरं धावायची. गावोगावच्या बायका त्याला चहा पाजायच्या, वर पिशवीत वालाच्या शेंगा घालायच्या. मला कचेरीत सतरा वर्षं झाली, कुणी पाण्याचा पेला पुढे केला नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याकडे होती आणि त्याच्याकडे नव्हती, ती म्हणजे इंग्रजी. तो सातवी फायनल, मी मॅट्रिक. वरून आलेला कागद असो, तार असो, विश्वंभर गडग्यावरून हाक मारायचा, "मार्तंडा, बघ रे बाबा काय म्हणतायत!" मी मुद्दाम चष्मा पुसायचो, दोनदा वाचायचो, मग सांगायचो. तेवढा वेळ तो माझ्यापुढे उभा असायचा. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

साल एकसष्ट. किनाऱ्यावरचा एक बंगलेवाला मुंबईला कायमचा निघाला आणि त्याची जुनी फटफटी विश्वंभरानं घेतली. थळपासून रेवदंड्यापर्यंतची गावं त्याच्याकडे होती, सायकलवर हाडं खिळखिळी झाली होती, सगळं खरं. पण फटफटी! मी आपला सायकल दामटत चोंढीच्या चढाला लागलेला, आणि हा शेजारून भर्रकन निघून जाणार, वर हात हलवणार. माझी बायको सुचित्रा म्हणाली, "हौस लागते हो माणसाला." त्या दिवशी मी जेवलो नाही.

विश्वंभराची बायको सरोजिनीवहिनी मात्र अडून बसली. तिचा भाऊ पुण्याकडे फटफटीवरून पडून गेला होता, डोक्याला मार लागून. तिनं नवऱ्याला कनकेश्वराची शपथ घातली: डोक्यावर टोप नसेल तर गाडीला पाय लावायचा नाही. झालं. त्या वर्षीच्या सुपारीचे पैसे घालून मुंबईच्या एका बड्या दुकानातून यानं हेल्मेट मागवलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते पार्सलानं आलं. पांढरं शुभ्र, आतून मऊ अस्तर. अर्धा गाव बघायला लोटला.

दसऱ्याला सकाळी अंगणात फटफटी धुऊन उभी केली होती, तिला झेंडूचा हार. पाटावर ते हेल्मेट. विश्वंभरानं खोक्यातून एक जाड कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "मार्तंडा, बघ रे, काय काय लिहिलंय."

मी चष्मा पुसला आणि अथपासून इतिपर्यंत वाचलं. वर्षभराची हमी, काही बिघडलं तर बदलून देऊ. आणि खाली चौथं कलम: वस्तूवर रंग, डाग किंवा खूण आढळल्यास हमी रद्द.

"वर्षाची हमी आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात वहिनी करंडा घेऊन आली. "भावोजी, टोपालाही लावायचं ना?"

आमच्याकडे नवी वस्तू हळदकुंकवाशिवाय कधी वापरात आलीय? शिवणयंत्राला लावतात, सायकलीला लावतात. तिनं विचारलं ते सहज. मी तोंड उघडलं असतं तर एवढंच म्हणायचं होतं, "वहिनी, नुसती फुलं वाहा." पण समोर तो उभा होता, नवा सदरा, हसरं तोंड, भोवती सगळं गाव. 

"लावा की वहिनी," मी म्हणालो. "चांगलं ठसठशीत लावा."

तिनं ओल्या हळदीचं स्वस्तिक काढलं, वर कुंकवाची पाच बोटं ओढली. ते त्या पांढऱ्या रंगात असं मुरलं की पुढे साबणानं गेलं नाही, रॉकेलनं गेलं नाही.

आणि माझ्या नशिबानं म्हणा, त्याच्या दुर्दैवानं म्हणा, माल निघाला खोटा. चौथ्या दिवशी थळच्या रस्त्यावर पट्ट्याची कडी निसटली, नुसती निसटली नाही, तिच्यापाशी टोपालाच चीर गेली. टोप उडून खाजणाच्या चिखलात पडला. चांभारानं हात लावला नाही. म्हणाला, "खिळा मारला तर फुटंल ह्यो."

शपथ ती शपथ, आणि दुसरा टोप घ्यायला पैसे कुठले? फटफटी गोठ्यात गेली, तिच्यावर माडाची झापं टाकली. विश्वंभर पुन्हा सायकलवर, लशीची पेटी मागे बांधून. मी सकाळी त्याच्या बरोबरीनं चढ चढायला लागलो. काय गोड झोप लागायची मला त्या दिवसांत!

दुकानाला पत्रं लिहायला अर्थातच तो माझ्याकडे आला. पत्रं मी झकास लिहिली, अगदी साहेबाला घाम फुटावा अशी, कारण काही मिळणार नाही हे मला माहीत होतं. पहिल्याचं उत्तर महिन्यानं आलं: आपले पत्र पोचले, लक्ष घालत आहोत. दुसऱ्याचं उत्तर, वस्तू पाठवा. पेंढ्यात गुंडाळून पाठवली. होळीच्या आधी ती तशीच परत आली, सोबत एक चिठ्ठी: लाल व पिवळे डाग असल्याने वस्तू रंगवलेली समजण्यात येते, तक्रार निकालात काढली आहे.

"रंगवलेली?" विश्वंभर म्हणाला. "अरे, हळदकुंकू आहे ते! त्यांना कळलं नसेल. आपण समक्ष जाऊ. तू बरोबर असलास की झालं."

जायलाच हवं होतं, कारण माणगावचा एक व्यापारी फटफटी मागत होता आणि पाडव्याला उत्तर द्यायचं होतं. रेवसहून लाँच धरली आणि टोप मांडीवर, कार्ड खिशात घेऊन गेलो मुंबईला.

दुकानात पहिल्या टेबलानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं माडीवर, माडीवरच्यानं सांगितलं की साहेब जेवायला गेलेत. दीड तास बाकावर. मग एक चष्मेवाला कारकून आला, अगदी माझ्याच जातकुळीचा, कागद खालीवर करून माणसाला उभं ठेवणारा. त्यानं टोप हातातही घेतला नाही.

"कार्डावर छापलंय सगळं. वाचता येत नाही तुमच्याकडे कुणाला?"

विश्वंभराचा आवाज मी आयुष्यात कधी चढलेला ऐकला नव्हता. तिथे चढला. "तोंड सांभाळून बोला! हा आमचा मार्तंड, मॅट्रिक आहे. यानं पहिल्याच दिवशी तुमचं कार्ड शेवटपर्यंत वाचलंय. असं काही असतं तर हा बोलला नसता का? तुम्हीच मागाहून छापलं असणार!"

कारकुनानं शांतपणे आमचंच कार्ड माझ्यापुढे सरकवलं आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. "वाचा. मोठ्यानं. मराठीत सांगा यांना."

मी वाचलं. सांगितलं.

विश्वंभर माझ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "गडबडीत राहून गेलं असेल तुझं. दसऱ्याची घाई होती." त्यानं मला वाट काढून दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं.

"नाही रे," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. "वाचलं होतं."

त्यानं टोप उचलला, जिना उतरला. लाँचवर मधल्या फळीवर आम्ही बसलो होतो. रेवसचा धक्का दिसायला लागल्यावर त्यानं एकदाच विचारलं, "मग ठसठशीत लावा, असं कशाला म्हणालास?"

मी चष्मा काढून पुसत बसलो.

पाडव्याला माणगावचा माणूस फटफटी घेऊन गेला. टोप अजून विश्वंभराच्या देवघराच्या कोपऱ्यात आहे, पूजलेली वस्तू टाकायची कशी म्हणून. वहिनीला त्यानं काही सांगितलं नाही. ती अजून श्रावणात नारळाच्या वड्या धाडते, "भावोजींना आवडतात" म्हणून. त्या मी न चाखताच सुचित्राकडे देतो. विश्वंभरही रस्त्यात भेटला की विचारतो, "निघालास का कचेरीत?" तेवढंच.

परवा सुचित्रा अंगणातून आत आली. म्हणाली, "अहो, विश्वंभरभावोजींना काहीतरी इंग्रजी कागद आलाय वाटतं. हातात घेऊन आपल्या दारावरून सरळ पुढे गेले."

"घाई असेल," मी म्हणालो.

अलिबागला एका वकिलाचा कारकून आहे, पोरसवदा, त्याच्याकडून हल्ली तो वाचून घेतो म्हणे, एवढ्या लांब जाऊन. मी त्या कारकुनाला अजून पाहिलेलं नाही. पण चष्मा पुसत तो सावकाश वाचत असेल आणि विश्वंभर त्याच्यापुढे उभा असेल, हे डोळ्यांसमोर आलं की रात्र रात्र मी त्या पोरावर जळतो.