बारावा रुमाल

कादेक आर्तानानं बारा डब्यांत बारा रुमाल कोंबले. काम इतकं नीटनेटकं, की एवढं नीटनेटकं काम त्याच्या हातून याआधी कधी झालं असेल तर त्याच्या बायकोला तरी ते ठाऊक नाही.

डबे पत्र्याचे, बिस्किटांचे, प्रत्येकात एकेक खडा. पेकाक रेंदांच्या भाताच्या खाचरांवर बांबू रोवून त्यांवर ते टांगलेले, आणि सगळ्यांना जोडणारी एक लांब दोरी बांधावरच्या झोपडीत आलेली. दोरी ओढली की बारा खडे बारा डब्यांत नाचायचे आणि भातावर बसलेल्या मुनिया भर्रकन उठायच्या. पेकाक म्हणजे आजोबा. रेंदांना स्वतःचं नातवंड एकही नाही, पण अख्खं गाव त्यांना पेकाकच म्हणतं. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, आणि कान दहा वर्षांपूर्वीच रजेवर गेलेले.

कादेकचं कॅफे या शेताच्या काठावर. नाव 'सेपी', म्हणजे सामसूम. बांबूची सहा टेबलं, शेताकडे तोंड करून मांडलेल्या खुर्च्या, सकाळी काळ्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर, फणसाची भाजी घातलेला भात, आणि दाराशी पाटी: कृपया हळू बोला. लोक खालच्या उबुद शहरातून मुद्दाम वर येत, खीर मागवत, लॅपटॉप उघडत, आणि मग लॅपटॉप सोडून समोरचं हिरवं बघत बसत. त्या हिरव्यातली एक काडीसुद्धा कादेकची नव्हती. त्याच्या बापाचं शेत कॅफेच्या मागच्या अंगाला होतं. ते पंचवीस वर्षांच्या करारानं गेलं आणि तिथे आता पोहण्याच्या निळ्या तलावाचा बंगला आहे. उरलेल्या पट्टीवर कादेकनं कॅफे टाकलं. थोडक्यात, स्वतःचं शेत गेलेला माणूस दुसऱ्याचं शेत दाखवून पोट भरत होता. गावात त्याला यावरून कुणी टोचत नसे, कारण अर्ध्या गावाची तीच कथा.

तर, रुमालांचं कारण ब्रॉनविन. मेलबर्नची बाई, दहा दिवसांसाठी आलेली, रोज सातला कोपऱ्यातल्या टेबलावर. त्या आठवड्यात सलग तीन सकाळी तिच्या नोकरीच्या मुलाखती होत्या, पडद्यावरून. ती बिचारी हळूच म्हणाली, "तो डब्यांचा आवाज... तीनच दिवस थांबवता येईल का?"

दुसरा कुणी म्हणाला असता, बाई, भात चिकात आलंय, पाखरांना कोण समजावणार? पण कादेकला नाही म्हणता येत नाही. नाही म्हणायची वेळ आली की तो हसतो आणि हो म्हणतो. ब्रॉनविन उठून गेल्यावर भर दुपारी, पेकाक जेवायला घरी गेलेले बघून, तो बांधांवरून फिरला आणि प्रत्येक डब्यात कॅफेचा एकेक हिरवा रुमाल दाबून बसवला. मधल्या डब्यासाठी त्याला भातात उतरावं लागलं. लोंब्या मांड्यांना लागत होत्या आणि त्याला उगाच वाटत होतं, की त्या त्याला ओळखतायत.

पुढचे तीन दिवस पेकाक झोपडीत बसून दोरी ओढत होते. डबे हलत होते, वाजत नव्हते. पण ते वाजतायत की नाही हे पेकाकना ऐकूच येत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की आपण दोरी ओढतोय आणि पाखरं ढिम्म हलत नाहीत.

ब्रॉनविनच्या मुलाखती उत्तम झाल्या. मुनियांची मेजवानीही.

चौथ्या दिवशी पहाटे कादेकनं रुमाल काढले. अकरा. मधल्या डब्याकडे जायला निघाला तोच पेकाक बांधावर दिसले, आणि तो चड्डी सावरत भलत्याच दिशेला बघत उभा राहिला.

"काय रे देक, इतक्या सकाळी?"

"पाणी बघायला!" कादेक ओरडला. पेकाकशी बोलायचं म्हणजे ओरडायचंच.

"तुझं कुठलं आलंय पाणी? तुझ्याकडे काय, खुर्च्या पेरल्यात?"

म्हातारा हसला नाही. वरच्या दोन खाचरांत वाकून त्यानं लोंबी हातात घेतली, दोन बोटांनी दाबली. चीक आला नाही. दुसरी दाबली. नुसतं फोलपट. मग तो झोपडीत गेला, दोरीचं वेटोळं केलं आणि खुंटीला टांगून ठेवलं.

"ओढा ना पेकाक," कादेक ओरडला. "आज ओढून बघा."

"तीन दिवस ओढली. माझ्या हाताला आता पाखरं उठत नाहीत."

कादेकनं घाईघाईनं स्वतःच दोरी खुंटीवरून काढून ओढली. अकरा डबे खणखणले आणि पन्नास-साठ मुनियांचा थवा आभाळात गेला. त्याला वाटलं, सुटलो. पेकाक थव्याकडे बघत राहिले, मग कादेकच्या हाताकडे.

"बघ. तुझ्या हाताला उठतात."

हे असं होईल हे कादेकच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यानं दोरी सोडली.

त्या दिवसापासून कादेक रोज सकाळी पाखरं हाकलू लागला. दोरीला पुन्हा हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून कॅफेच्या कठड्यावर उभं राहून, टाळ्या वाजवून, 'हो हो हुर्र' करून. मागे टेबलांवर लोक हेडफोन घट्ट करत. ब्रॉनविन म्हणाली, हा पारंपरिक विधी आहे का? कादेक हसला आणि हो म्हणाला.

गावात मात्र त्याचं नाव झालं. पाटाच्या पाण्याच्या वाट्याची बैठक असते, तिथे पेकाकनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शेजारी असावा तर या देकसारखा. शेत माझं, घसा त्याचा." लोकांनी माना डोलावल्या. पाणीप्रमुखांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. कादेकला तो हात दिवसभर पाठीवर जाणवत राहिला, उवा झाल्यासारखा. दुसऱ्याच्या उभ्या पिकात असला खोडसाळपणा म्हणजे बैठकीचा दंड, वर शुद्धीची पूजा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बायकोचं तोंड.

बायकोचं तोंड तसंही सुरू झालं होतंच.

"ब्ली, रुमाल अकराच आहेत," त्याची बायको सेकार दोरीवर कपडे घालताना म्हणाली. नवऱ्याला ती ब्ली, म्हणजे दादा, म्हणते.

"असेल कुठेतरी."

"आणि या अकरांना गंज कुठून लागला?"

"गिऱ्हाईकं काय काय पुसतात, तुला काय सांगू."

"लोखंड खातात का तुझी गिऱ्हाईकं?"

कादेक खीर ढवळायला आत गेला. खीर आधीच कुणीतरी ढवळून ठेवली होती, तरी त्यानं ढवळली.

आठव्या दिवशी पेकाकचा पुतण्या आला. गेदे, देनपसार शहरात राहणारा, इस्त्रीचा शर्ट, काखेत फाइल. बसायला त्यानं नेमकं कादेकचं पुढचं टेबल निवडलं, "इथून कसं छान दिसतं," असं म्हणत. पेकाकना समोर बसवलं, दोन कॉफ्या मागवल्या आणि टेबलावर कागद पसरला. कॉफी ठेवताना कादेकनं वाकून बघितलं. नकाशा होता. जिथे वरची दोन खाचरं, तिथे तलाव. जिथे झोपडी, तिथे गाड्या लावायची जागा. आणि अगदी या टेबलाच्या पुढ्यात, दोन हातांवर, एक जाड काळी रेघ.

"ही रेघ कसली?" कादेकनं विचारलं.

"भिंत," गेदे म्हणाला. "चांगली उंच. जमीन घेणाऱ्यांना इकडचा आवाज नको."

कादेक हसला.

पेकाक कागदाकडे बघतच नव्हते. ते शेताकडे बघत होते. "मी याला चार वर्षं नाही म्हणत आलो," ते कादेकला म्हणाले, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, त्यामुळे सहाही टेबलांनी ऐकलं. "पण मागल्या महिन्यात भात पोटरीला आलं, तेव्हा मी भाताच्या देवीला, देवी श्रीला, आंबट फळं ठेवली, फणी ठेवली, आरसा ठेवला, सगळे डोहाळे पुरवले. आणि ऐन दाणा भरताना पाखरांनी मला जुमानलं नाही. माझ्या बापाच्या हाताला उठायची, माझ्या हाताला साठ वर्षं उठली. आता नाही. देवी सांगतेय, रेंदा, बस झालं. तिचं ऐकायला नको?"

गेदेनं पेनाचं टोपण काढलं. "काका, इथे. आणि इथे."

कादेक ट्रे छातीशी धरून उभा. सांगितलं तर म्हातारा चिडून सही करेल. नाही सांगितलं तर शांतपणे करेल. दोन्हीकडून भिंत. पण शांतपणे करेल ती एका खोट्या गोष्टीवर, आणि ती खोटी गोष्ट कॅफेच्या रुमालाची होती. पेन कागदाला टेकलं.

"पेकाक, ती पाखरं..." कादेक पुटपुटला.

"आँ?"

"देवी नाही. मी."

"काय?"

आता असल्या गोष्टी कानात सांगायच्या असतात. पण हा कान असा, की त्यात सांगितलेलं अर्ध्या गावाला आधी कळावं आणि धन्याला शेवटी. कादेकनं डोळे मिटले आणि तो 'कृपया हळू बोला' या पाटीखाली उभं राहून, छाती फुटेस्तोवर ओरडला, "डब्यांत रुमाल मी कोंबले होते! बाराच्या बारा! तीन दिवस ते वाजतच नव्हते!"

सगळ्या टेबलांवरची बोटं थांबली. स्वयंपाकघरातून सेकार हातातल्या झाऱ्यासकट बाहेर आली.

पेकाकनी पेन खाली ठेवलं. चिडले नाहीत. त्यापेक्षा वाईट, विचार करू लागले.

"वाजत नव्हते?"

"नाही!"

"म्हणजे मी ओढत होतो आणि..."

"हो!"

"बघा काका," गेदे मोठ्यानं म्हणाला, "हे असले शेजारी. उलट आता तर..."

"तू गप," पेकाक त्याला म्हणाले, आणि मग कादेकला, "रुमाल काढलेस?"

"अकरा. मधला राहिला!"

पेकाक उठले. कॉफी तशीच टाकून बांधावरून चालत गेले, कासोटा खोचला, भातात उतरले. मधल्या डब्यात हात घालून त्यांनी हिरवा बोळा बाहेर ओढला, झटकला, वास घेतला. मग झोपडीत गेले. त्या घटकेला पाखरं हट्टाला पेटली असती, तर कादेकच्या ओरडण्याला कोण विचारणार होतं? चटावलेली पाखरं होती ती.

दोरी ताठ झाली. बारा डबे एकदम कडकडले आणि वरच्या खाचरातून, खालच्यातून, पार ओढ्याच्या कडेपर्यंत मुनियाच मुनिया उठल्या. पेकाकना कडकडाट ऐकू आला नसणार. पण ते आभाळाकडे बघत होते. पाखरं गेली तरी त्यांनी दोरी पुन्हा ओढली. पुन्हा. रिकाम्या शेतावर किती वेळ खणखणाट चालला. ब्रॉनविननं हेडफोन काढून ठेवला.

परत आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता. तो रुमाल त्यांनी डोक्याला बांधला होता.

"गेदे, टोपण लाव. यंदा नाही."

"आणि पुढच्या वर्षी?" गेदे ओरडला.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी." मग कादेककडे वळले. "आणि तू, सामसुमीच्या दुकानदारा! वरची दोन खाचरं पाखरांना वाढलीस. बारा डबे, बारा सकाळी. माझ्या झोपडीत बसून दोरी ओढायची. कठड्यावरून कोंबड्यासारखं आरवायचं नाही, तो खेळ मोजणार नाही मी."

"आणि बैठकीत?" कादेकनं चाचरत, पण ओरडूनच विचारलं.

"तिथे मी काय सांगणार? तू एवढा ओरडलास, आत्तापर्यंत पाणीप्रमुखाच्या घरी पोचलं असेल."

पोचलं होतं. दंड झाला, पूजा झाली, आणि सेकारनं जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. कादेक रोज उजाडता झोपडीत जाऊन बसू लागला. दोरीनं तळव्याला घट्टे पडले. पेकाक शेजारी बसून त्याच्या ओढण्यात खोड काढत. "झटका दे. म्हशीची शेपटी धरल्यासारखा काय ओढतोस!" अकरा सकाळी झाल्या. बाराव्या दिवशी कापणीवाल्यांची टोळी, दोन दिवसांनी यायची ती, अचानक आली. दुपारपर्यंत भात आडवं झालं, दोरी उतरवली गेली, डबे झोपडीत टांगले गेले.

वरच्या दोन खाचरांचं धान्य एका टोपलीत मावलं. पेकाकनी ती टोपली कादेकच्या दारावरून नेली, मुद्दाम सावकाश.

"एक सकाळ राहिली पेकाक!" कादेक ओरडला. "दुसरं काही काम सांगा, फेडून टाकतो!"

"पाखरांचं देणं पाखरांवरच फिटतं. पुढल्या पिकाला."

"मग रुमाल तरी द्या! सेकार डोकं खातेय!"

"तो गहाण आहे," म्हातारा म्हणाला आणि डोक्यावरची गाठ घट्ट केली.

आता शेतात नुसतं पाणी आहे, बदकं सोडलीयत. गेदे महिन्यातून एकदा येतो, फाइल घेऊन. गेदे बशीवर चमचा वाजवत विचारतो, "काका, काय ठरलं?" आणि पेकाक हिरवा रुमाल कपाळावर सरकवत म्हणतात, "ठरवतो रे. आधी या देकची एक सकाळ वसूल होऊ दे."

सेकारला हे पटत नाही. दर धुण्याला ती अकरा रुमाल दोरीवर टाकते आणि म्हणते, "भात चिकात आलं, की पहिल्याच सकाळी जा आणि फेडून ये एकदाचं. माझा संच पुरा होऊ दे."

"जातो," कादेक म्हणतो, हसतो, आणि समोर बघतो. बांधावर म्हातारा रोपांच्या जुड्या वाहून आणतोय, डोक्याला हिरवा रुमाल आहे. आहे ना? आहे.