चोथ्याचा काढा

माझा अशा गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगते. मी बी. फार्म. झालेय, सुप्याच्या एमआयडीसीत वनस्पतींचे अर्क काढणाऱ्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे मालाची तपासणी करायला आहे. कोणी ‘झाडपाल्याने बाधा उतरली’ म्हणालं की मी विचारते, कोणता पाला, किती ग्रॅम?

आई गेल्यावर अण्णांना गावाकडून, खर्ड्याहून माझ्या खोलीवर आणलं. माणूस जेवेना, बोलेना. नगरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या उशीखाली सापडायच्या. आईमागोमाग हेही जातात की काय, या धास्तीने माझं कामात लक्ष लागेना. शेवटी डॉक्टरांना विचारून जटामांसीचा काढा सुरू केला. तिच्यातली द्रव्यं मेंदूतल्या रसायनांवर काम करतात, मन शांत करतात, असं आम्ही शिकलोय. कंपनीत सांगून थोडी भुकटी घरी आणली.

चार दिवसांत अण्णा भाकरी मागायला लागले! संध्याकाळी स्वयंपाकाच्या ओट्याकडे तोंड करून हळूच काहीतरी बोलायचे, हसायचे. मी खूश — औषध लागू पडलं.

मग सहज म्हणून उरलेली भुकटी लॅबमध्ये तपासली. तपासणीच्या प्लेटवर औषधी द्रव्याचा एकही पट्टा उमटला नाही... मी चुकीच्या पिंपात हात घातला होता. अर्क काढून झाल्यावर उरलेला चोथा उचलला होता. त्यात दम भुशाइतका. मला भयंकर लाज वाटली. घरी येऊन म्हटलं, “अण्णा, तुमच्या काढ्यात जरा गडबड झालीय...”

“चोथा हाय ना? म्हाईत हाय मला. तुजी आई पयल्याच दिशी म्हनली, पोरीनं चोथा आनलाय, वासच न्हाई याला. पन पिऊन टाका, तिला बोलू नका. लई दमती ती.”

आईचं नाक तसंच होतं. डबा उघडला की मसाला किती जुना ते सांगायची. पण अण्णांना वास येणं करोनात बंद झालं ते कायमचंच. गॅस चालू राहिला तरी त्यांना कळत नाही. आणि ही खोली आईने कधी पाहिलीही नव्हती.

मी खरी जटामांसी आणली. अण्णा गाढ झोपायला लागले. तिसऱ्या दिवशी ताट सरकवून म्हणाले, “आता ती येत न्हाई. ते आदीचंच आन.”

नुसत्या विश्वासानेही माणूस सावरतो, हे मला माहीत आहे. पण काढ्याला वास नाही, हे कळलं कोणाच्या नाकाला? मी चोथाच उकळते, अण्णा जेवतात.

काल पहिल्यांदा मीही अर्धा कप प्यायले. बराच वेळ ओट्याकडे बघत बसले. माझ्याशी ती काहीच बोलली नाही.