लाइक-मास्तर

लाइक-मास्तर चहासुद्धा अलंकार ओळखून पीत. ‘हा चहा पाण्यासारखा आहे’ ही सिमिली, ‘हा चहा पाणी आहे’ हे मेटाफर, आणि ‘वा, काय फक्कड चहा’ ही आयरनी. कळमनुरीचा हॉटेलवाला वैतागून विचारी, “मास्तर, प्यायचा हाये का न्हाई?”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोलीच्या मोंढ्यात पोती उचलता उचलता मी हळदीचा दलाल झालो होतो. डोंगरकडा गावची एक मुलगी मला पसंत होती, पण तिच्या वडिलांना जावई मॅट्रिक पाहिजे होता. माझं फक्त इंग्रजी राहिलं होतं, म्हणून शिकवणीला कळमनुरीला मास्तरांकडे जाऊ लागलो.

“गिऱ्हाइकाला काय म्हणतोस?” त्यांनी विचारलं.

“सोन्यासारखी हळद.”

“सिमिली. आणि ‘सोनंच हाये’ म्हणालास, तर मेटाफर. ‘हिच्या वासानं मेलेला उठून बसंल’, हे काय?”

“धंदा.”

“हायपरबोल,” मास्तर म्हणाले. “लाइक दिसलं की मात्र डोळे झाकून सिमिली लिही.”

पेपरात वाक्य आलं, ‘द विंड लाइक्स टू सिंग.’ मी डोळे झाकले. दोन मार्कांनी नापास झालो, आणि तो प्रश्न दोनच मार्कांचा होता.

तडक मास्तरांचं घर गाठलं. “तुमचा माल फुटका निघाला.”

वाक्य ऐकून ते खूशच झाले. “वा, पर्सॉनिफिकेशन. वाऱ्याला गाणं आवडून राहिलंय, माणसावानी.”

“मंग डोळे झाकायला काहून सांगितलं?”

मास्तरांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाले, “चुकलं माझं.”

चूक कबूल केलेल्या माणसाला मी सोडत नाही. “तर मंग डोंगरकड्याला चला. पोरगा मॅट्रिक हाये, एवढंच सांगा.”

ते कोट घालून आले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “झाला का पास?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, सतरंजीकडे पाहिलं. “मॅट्रिक झाल्यासारखाच आहे.”

“सारखा म्हंजे?”

“‘सारखा’ आलं, की ती वस्तू ती नसते,” मास्तर शिकवू लागले. दाराआड मुलगी हसली. त्याच आठवड्यात तिचं दुसरीकडे जमलं.

परतीच्या एसटीत मी भडकलो. “एक ‘सारखा’ गिळता येत नव्हता तुमाला?”

“मेटाफर जिभेवर आलं होतं रे. पण समोरचा ते खरं धरून मुलगी देणार होता. मग तो अलंकार कसला? खोटंच झालं असतं.”

ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झालो. निकाल सांगायला मास्तर मोंढ्यात आले. लिलाव चालू होता. मी त्यांना मुद्दाम ताटकळत ठेवलं. मान वर केली तेव्हा ते बस गाठायला निघून गेले होते. पुढे त्यांची बदली झाली, भेट नाही.

राग अजून गेलेला नाही. मात्र माझ्या मुलीला स्थळं पाहू लागलो, तेव्हा मुलाची खरी माहिती सांगेल असा माणूस मी तालुकाभर शोधला. मिळाला नाही.